देणारा आणि चालविणारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते व्याकरण शिकविताना एक प्रश्न हटकून विचारीत : ‘मला वडिलांकडून पुस्तक मिळाले’ ह्या वाक्यात कर्ता कोण? आम्ही ‘वडील’ म्हणत असू. गुरुजी हसून सांगत, “देणारे वडील, कर्ता मात्र पुस्तक.”

गेल्या दिवाळीत नातीने तिचा आणि माझा फोन एका तारेने जोडला, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. माझ्या फोनातील वीज तिच्या फोनात जाऊ लागली. दोन्ही यंत्रे समान; मग दाता कोण हे ठरविले कोणी?

१९९६ साली यूएसबी ही जोडणी आली, तेव्हा हा प्रश्न नव्हता. तारेची दोन टोके भिन्न आकारांची. संगणकाने वीज पुरवावी, संभाषणही त्यानेच चालवावे; उपकरणाने विचारले तेवढेच बोलावे. २०१४ साली टाइप-सी आली आणि दोन्ही टोके सारखी झाली. आता अधिकार आकारावरून ठरेना.

म्हणून यंत्रे आधी एकमेकांना चाचपतात. ‘सीसी’ नावाच्या तारेवर एक ‘मी देईन’ अशी खूण करतो, दुसरा ‘मी घेईन’ अशी. दोन्ही भूमिका करू शकणारे यंत्र आळीपाळीने दोन्ही खुणा दाखविते. खुणा जुळेपर्यंत वीज सोडली जात नाही. जुळल्यावर प्रथम पाच व्होल्ट. मग दाता आपल्याजवळ काय आहे ते सांगतो, घेणारा हवे तेवढे मागतो. २०२१च्या नियमांनुसार हे देणे २४० वॅटपर्यंत जाऊ शकते.

आरंभी देणाराच संभाषणाचा यजमान ठरतो. परंतु मोठा पडदा संगणकाला वीज देत असेल, तर चित्र काय दाखवावे हे संगणकानेच ठरविले पाहिजे. अशा वेळी भूमिका बदलण्याची विनंती केली जाते. समोरचा ती स्वीकारतो किंवा नाकारतो. स्वीकारल्यास पडदा देत राहतो, संगणक चालवू लागतो. देणे थांबत नाही. केवळ हुकमत हलते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. एका शाळेच्या ग्रंथालयास मी देणगी दिली आणि सोबत पुस्तकांची यादीही धाडली. मुलांना काय वाचावयाचे आहे, हे विचारले नाही. काही वर्षांनी गेलो, तेव्हा ती पुस्तके कपाटात कोरीच होती. दाता म्हणून मी कर्ताही होऊन बसलो होतो.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या काही मराठी शाळांना माजी विद्यार्थ्यांच्या औदार्याचा आधार असतो. आपण अवश्य द्यावे. पण देण्यापूर्वी विचारावे, आणि दिल्यावर संभाषणाचे सूत्र शिक्षकांच्या व मुलांच्या हाती सोपवावे. गुरुजींनी आम्हांला भाषा दिली. तिच्यात काय बोलावे, हे मात्र त्यांनी कधी ठरवून दिले नाही.