जंतूंच्या कोठारांतील प्लॅस्टिक

जंतु म्हटले कीं आपणांस प्रथम रोग आठवतो. पण दुधाचें दहीं करणारेहि जंतूच, आणि साखर खाऊन पोटांत प्लॅस्टिक सांठविणारेहि जंतूच! हा शोध कांहीं आजचा नव्हे. फ्रान्समधील पाश्चर संस्थेंतील मॉरिस लेम्वान्य ह्या शास्त्रज्ञानें इ. स. १९२६ च्या सुमारास मातींतील एका जंतूपासून हा पदार्थ वेगळा काढला. त्याचें नांव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, आपण पी.एच.बी. म्हणूं.

जंतु हा उद्योग कां करतो? शरीर वाढवावयास त्याला साखरेंतील कर्ब लागतो, तसाच नत्रहि लागतो. साखर विपुल, पण नत्र संपला, म्हणजे त्याची स्थिति विटा ढीगभर व चुना मुळींच नाहीं अशा गवंड्यासारखी होते. भिंत चढत नाहीं; तो विटा रचून ठेवतो. साखरेचा रेणु फोडून तो दोन-दोन कर्बांचे तुकडे करतो, दोन तुकडे जोडून चार कर्बांची कडी बनवितो, आणि अशा हजारों कड्यांची साखळी करून सूक्ष्म कणांच्या रूपानें पेशींत सांठवितो. कांहीं जातींत कोरड्या वजनापैकीं शेंकडा ८० पर्यंत हा सांठाच असतो. घरापेक्षां कणगी चौपट!

सुमारें १७५ अंश सेंटिग्रेडला हा पदार्थ वितळतो. मग सांच्यांतून हवी ती वस्तु काढावी. नुसता पी.एच.बी. ठिसूळ, म्हणून इंग्लंडांतील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज ही कंपनी जंतूंना साखरेबरोबर प्रोपिऑनिक आम्लहि चारीत असे. त्यायोगें साखळींत मधून मधून निराळी कडी येऊन माल लवचिक होई. १९९० सालीं जर्मनींत त्याच्या शांपूच्या बाटल्या निघाल्या. कपाटांत अशी बाटली टिकते. ओलसर मातींत मात्र इतर जंतु व बुरशी तिच्यावर तुटून पडतात, कारण मुळांत तें अन्नच. हवा खेळती असेल तर शेवटीं पाणी व कर्बाम्ल वायु उरतो.

मग घरोघरीं तें कां दिसत नाहीं? एक किलो मालास सुमारें तीन किलो साखर लागते, आणि जंतु फोडून माल धुऊन घेण्याचा खर्च निराळा. खनिज तेलाचें प्लॅस्टिक पुष्कळ स्वस्त. गटारांत तुंबलेल्या पिशव्या उपसण्याची मजुरी त्याच्या किंमतींत कोणी धरीत नाहीं, ही गोष्ट वेगळी! तरी खाण्याची साखर बाटल्यांसाठीं खर्चणें मला रुचत नाहीं. मळीवर हे जंतु पोसण्याचे प्रयोग झाले आहेत, व मला आशा वाटते ती त्यांचीच. अडचण इतकीच कीं, मळींत साखरेबरोबर क्षार व रंगहि येतात, आणि ते काढावयास पुन्हा पैसा लागतो.