मी ऐकलेलं ब्लूज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



भाषण करायची माझी ही पहिलीच वेळ. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा जड शब्द माझ्याकडून निघायचे नाहीत. "तुम्ही त्या गिटारच्या जलशांना जाता ना, त्यावरच बोला," असं चिटणीसबाईंनी सांगितलं, म्हणून उभी राहिले आहे.

आधी हे गाणं कोणाचं ते सांगते. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. पण दक्षिणेकडच्या काळ्या लोकांचं कापसाच्या शेतातलं राबणं काही संपलं नाही. जमीन मालकाची, घाम यांचा, आणि वर्षअखेर हिशेब केला की देणं पुष्कळदा यांच्याच अंगावर. त्या कष्टांतून जे गाणं निघालं ते ब्लूज. त्याची घडण अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मध्ये गळा थांबला की गिटार हुंकार देते. जात्यावर बसलेल्या दोघीजणी आठवा. एकीनं ओवी म्हणावी, दुसरीनं ती उचलावी. इंग्रजी मला थोडंच समजतं, पण हे मात्र पहिल्याच दिवशी समजलं.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे गाणं तबकडीवर आणलं ते एका बाईनं. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथनं 'क्रेझी ब्लूज' हे गाणं म्हटलं. काळ्या गायिकेच्या आवाजातलं ब्लूजचं ते पहिलं ध्वनिमुद्रण. तिच्या मागून बेसी स्मिथ आली. लहानपणीच आईबाप गेले, तेव्हा या पोरीनं भावाबरोबर रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवले. पुढे मोठं नाव झालं. १९३७ साली मोटारीच्या अपघातात ती गेली, आणि तेहतीस वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९७० साली तो बसवला दोघींनी मिळून. एक होती जॅनिस जॉप्लिन ही प्रसिद्ध गोरी गायिका. दुसरी होती लहानपणी बेसीच्या घरी घरकाम करणारी एक बाई. कामाला येणाऱ्या मुलीनं इतक्या वर्षांनी मालकिणीची आठवण ठेवावी, यातच ती मालकीण कशी असेल ते आलं, नाही का?

आता माझ्या ऐकण्याबद्दल. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ आहे. मेहबूब खान यांनी तो १९५४ साली उभारला. तिथं २०११ सालापासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. आमचे धाकटे भावजी गिटार वाजवतात. २०१४ साली त्यांनी "वहिनी, चला" म्हणून जाऊबाईंना आणि मला नेलं. घरून निघताना दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवला होता, हे वेगळं सांगायला नको!

शेजारच्या काही जणी विचारतात, "तिथं दारू असते ना हो?" असते. पिणारे पितात. पण मला कोणी धक्का मारला नाही की वाकडा शब्द बोललं नाही. उलट एका मुलानं मला कठड्याजवळची जागा करून दिली. आवाज मात्र फार मोठा. तेव्हा कानात घालायला कापूस न्यावा, कर्ण्यांसमोर उभं राहू नये, आणि पायात जुनी सवयीची चप्पल असावी. तीन-चार तास उभंच राहावं लागतं. रात्री दादरला गाडी बदलून डोंबिवलीला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. सोबत असलेली बरी.

त्या वर्षी सुझन टेडेस्की आणि तिचा नवरा डेरेक ट्रक्स यांचा ताफा आला होता. बायको पुढे उभी राहून गाते, आणि नवरा बाजूला उभा राहून तिला साथ देतो. ते पाहूनच जाऊबाई खूष! तो बोटात काचेची नळी घालून तारेवरून फिरवतो, आणि सूर असा ओढला जातो की आपल्या मिंडेचीच आठवण यावी. मागून भावजींनी सांगितलं, की उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचं सरोद त्याच्या फार आवडीचं, आणि खाँसाहेबांच्या कॅलिफोर्नियातल्या विद्यालयात तो शिकूनही आला आहे. मग आपल्या कानाला ते परकं कसं वाटेल?

ही मंडळी गाणं छापल्यासारखं म्हणत नाहीत. ठरलेल्या चालीवरून निघायचं, एकमेकांचं ऐकत वाट काढायची आणि पुन्हा मूळ जागी यायचं. त्याला 'जॅम' म्हणतात. ग्रेटफुल डेड नावाच्या अमेरिकेतल्या ताफ्यानं १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं असंच वाजवलं. आजचा कार्यक्रम कालच्यासारखा नसायचा, म्हणून त्यांचे रसिक गावोगाव त्यांच्या मागे जायचे. त्यांचेच ढोलवादक मिकी हार्ट आणि आपले झाकीर हुसेन यांनी मिळून १९९१ साली 'प्लॅनेट ड्रम' ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. आपल्या बैठकीत तबला आणि सतार यांची सवाल-जवाबात जी गंमत येते, तीच ही. महोत्सवाच्या शेवटी सगळे कलावंत एकत्र येऊन वाजवतात. मोठा-धाकटा कोणी राहत नाही. प्रत्येकजण आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याला वाव देतो. आपल्या सभेतही असंच व्हावं, असं माझ्या मनात येऊन गेलं!

दुसरी आठवण फेब्रुवारी २०२० ची. त्या वर्षी बडी गाय आले होते. वय त्र्याऐंशी. लुइझियानातल्या कापूस वेचणाऱ्या घरचा हा मुलगा १९५७ साली शिकागोला गेला. जाताना आजारी आईला बरं वाटावं म्हणून थाप मारली, की ठिपक्याठिपक्यांची मोटार घेऊन परत येईन. १९६८ साली आई गेली. ती थाप होती, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. म्हणून त्यांची गिटार ठिपक्याठिपक्यांची. भावजींनी हे मला रांगेत उभं असतानाच सांगितलं होतं.

माझी आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. माहेरी दिवसकार्य झालं, पाहुणे झाले, मी परत आले आणि कामाला लागले. भावाला धीर द्यायचा, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं औषधपाणी. रडायला सवडच नव्हती. त्या रात्री त्यांनी वाजवता वाजवता आवाज इतका खाली आणला, की त्या एवढ्या गर्दीत कोणी खोकललं तरी ऐकू यावं. आणि मग एकच सूर लांबवला. मी उभ्या जागी रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं काही विचारलं नाही, नुसता हात धरला. तिचं नावही मला ठाऊक नाही. घरी आले ती हलकी होऊन आले. उदास गाणं ऐकून माणूस आणखी उदास होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडून चारचौघांत ऐकलं, की त्याचा भार एकटीवर राहत नाही.

आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. त्या आता माझ्या मावशीला येतात. मावशीचं वय एक्याऐंशी. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते, आणि ती म्हणेल तशा वहीत उतरून घेते. आजवर चौसष्ट झाल्या. कापसाच्या शेतातलं गाणं तबकडीवर चढलं म्हणून ते साता समुद्रांपलीकडे माझ्यापर्यंत आलं. आपल्या आयांची गाणी निदान आपल्या लेकींपर्यंत तरी पोचायला नकोत का?

तेव्हा माझी एक सूचना आहे. महिन्यातली एक दुपार आपण मंडळात ओव्यांसाठी ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना घेऊन यावं. त्यांनी म्हणावं, आपण उचलावं, आणि एकीनं लिहून घ्यावं. वहीचा खर्च माझ्याकडे.