हवामानाचे देणे आणि रोजगार हमीचे तत्त्व

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



१९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, असे पंतप्रधान इंदिरा गांधींनी तेथे बजावले. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या आणि सुकडीसाठी लागलेल्या रांगा मला आजही आठवतात. या दोन गोष्टी एकत्र सांगण्याला कारण आहे.

वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळाच्या अनुभवानंतर, १९७७ साली, कायद्यात उतरली. त्यासाठी पैसा कोठून आला? शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसला. बागायती जमिनीवरही आकारणी झाली. पुढे मी नोकरीस लागलो तेव्हा माझ्याही पगारातून तो कर कापला जाई. माझी इच्छा कोणी विचारली नाही आणि मजुरालाही माझे आभार मानावे लागले नाहीत. अंमलबजावणीत दोष पुष्कळ होते, मजुरी थकत असे, हे मान्यच आहे. परंतु तत्त्व स्वच्छ होते. झळ लागलेल्याचा हक्क आणि ऐपत असलेल्याचे कर्तव्य, या दोहोंना कायद्याने बांधले होते.

हवामान परिषदांत नेमका हाच बंध आढळत नाही. १९९२ साली रिओ येथे 'समान परंतु भिन्न जबाबदारी' हे सूत्र सर्व राष्ट्रांनी मान्य केले. वातावरणात कार्बन साठविण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनी भार अधिक उचलावा, असा त्याचा सरळ अर्थ. २००९ मध्ये कोपनहेगन येथे धनिक राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. धनिक राष्ट्रांच्या संघटनेच्याच हिशेबानुसार तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ मध्ये. आणि त्यातील सार्वजनिक निधीचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. ज्याने नुकसान केले त्यानेच नुकसान झालेल्याला कर्ज द्यावे, हा कोणता न्याय? २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला १३०० अब्ज डॉलरची गरज मांडली. पदरात पडले ते २०३५ पर्यंत ३०० अब्जांचे आश्वासन. भारताने तेथेच जाहीर आक्षेप नोंदविला.

पैसाच नाही, असे म्हणावे तर २०२४ या एकाच वर्षी जगाचा लष्करी खर्च सुमारे २७१८ अब्ज डॉलर होता. सुरक्षिततेच्या नावाने तिजोरी उघडते. पण बेटे बुडणे आणि पिके करपणे ही असुरक्षितता मानली जात नाही. त्यातही गंमत अशी की, पॅरिस करारानुसार सैन्यदलांच्या उत्सर्जनाचा स्वतंत्र हिशेब देणे कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नाही. करार मोडणाऱ्याला दंडही नाही. अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत त्यातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, आणि जग पाहत राहिले.

आता थोडे स्वतःकडे पाहू. जागतिक व्यासपीठावर आपण दरडोई उत्सर्जनाचा आकडा पुढे करतो. ते योग्यच आहे. परंतु त्या सरासरीत मुंबईतील वातानुकूलित बंगला आणि मराठवाड्यातील ऊसतोड मजुराची कोपी एकाच मापाने मोजली जाते. २०१० साली केंद्राने कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. २०१७ मध्ये तो रद्द झाला आणि त्याच दराचा उपकर राज्यांच्या करभरपाईसाठी लागू झाला. बाकूला जी तक्रार आपण केली, तीच आपल्या येथील कोरडवाहू शेतकऱ्याने दिल्लीविरुद्ध केली, तर काय उत्तर आहे?

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, परिषदांकडे पाठ फिरवू नका. दुबळ्या राष्ट्रांना बलवानांसमोर बसून हिशेब मागता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. मात्र तेथे जी मागणी करायची, ती आधी येथे करा. उन्हाच्या लाटेत बुडालेल्या रोजाची भरपाई कायद्याने मिळाली पाहिजे, आणि धूर सोडणाऱ्याकडून घेतलेला पैसा त्यासाठीच राखला गेला पाहिजे. तालुक्याच्या मोर्चात हे मागणाऱ्यालाच जगापुढे ते मागण्याचा नैतिक अधिकार पोचतो. रोजगार हमीही कोणा परिषदेने दिली नव्हती. दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या माणसांच्या रेट्यातून ती आली होती.