धर्म आणि समाजाची धारणा

(ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'धर्म' हा शब्द 'धृ' या धातूपासून झाला आहे. धृ म्हणजे धारण करणे, सांभाळून धरणे. समाजाला जो धरून ठेवतो तो धर्म, हा अर्थ भारतात फार जुन्या काळापासून रूढ आहे. नवलाची गोष्ट अशी की, साता समुद्रांपलीकडे एका फ्रेंच पंडिताने अगदी निराळ्या वाटेने जाऊन जवळजवळ हाच विचार मांडला. त्याचे नाव एमिल दुरखीम.

दुरखीमचा जन्म १८५८ साली फ्रान्समधील एपिनाल या गावी झाला. वडील ज्यू लोकांचे धर्मगुरू होते. मुलाने मात्र ती गादी चालविली नाही; तो समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. देव आहे की नाही, या वादात त्याला पडावयाचे नव्हते. त्याचा प्रश्न वेगळा होता. इतकी माणसे इतकी शतके जे मनोभावे करीत आली, ते निव्वळ भ्रमावर कसे टिकेल? त्याच्या मुळाशी काहीतरी खरे असलेच पाहिजे. ते कोणते?

१८९७ साली त्याने आत्महत्या या विषयावर ग्रंथ लिहिला. युरोपातील आकडे तपासताना त्याला दिसले की, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांत आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिकांपेक्षा अधिक आहे. आत्महत्या हे पाप, असे तर दोन्ही पंथ सांगतात. मग फरक कशाचा? दुरखीमचे उत्तर असे की, फरक शिकवणुकीचा नसून एकत्र जगण्याचा आहे. प्रॉटेस्टंट माणूस धर्मग्रंथ स्वतः वाचतो व पुष्कळसे निर्णय एकट्याने घेतो. कॅथलिक पंथात समाईक विधी आणि आचार अधिक, म्हणून माणसाला माणसाचा आधारही अधिक. त्याच्या आकड्यांवर पुढे आक्षेप घेतले गेले, परंतु मूळ मुद्दा विचार करण्याजोगा राहिला. जो माणूस चारचौघांत बांधलेला असतो, तो संकटात सहसा तुटत नाही.

१९१२ साली त्याचा धर्मावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याने मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींची माहिती घेतली. तो स्वतः तेथे गेला नव्हता. इतरांनी केलेल्या नोंदींवर त्याने काम केले. हे लोक वर्षाचा बराच काळ लहान लहान टोळ्यांनी अन्नाच्या शोधात पांगलेले असत. मग विधींच्या निमित्ताने सारे एकत्र जमत. गाणे, नाचणे, रात्र जागविणे चाले. अशा वेळी प्रत्येकाला वाटे की, आपल्या अंगात आपल्यापेक्षा मोठी शक्ती संचारली आहे. दुरखीम म्हणतो, ही शक्ती खोटी नाही. ती जमलेल्या समाजाचीच शक्ती आहे. कुळाचे चिन्ह असलेला प्राणी किंवा वनस्पती पवित्र मानली जाते, ती या एकीची खूण म्हणून. सैनिक झेंड्यासाठी प्राण देतो, तो कापडाच्या तुकड्यासाठी नव्हे. त्यातलाच हा प्रकार. पण अशी एकी एकदा साधली म्हणजे कायमची राहात नाही. माणसे आपापल्या कामाला लागली की तिची ऊब ओसरते. म्हणून सण, उत्सव, यात्रा पुनःपुन्हा याव्या लागतात.

येथवरचे विवेचन ऐकताना कोणाही वारकऱ्याला पंढरीची वाट आठवेल. ती वाट एका महाराष्ट्रीय समाजशास्त्रज्ञ विदुषीने स्वतः पायी चालून पाहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. इरावती कर्वे दिंडीबरोबर गेल्या व तो अनुभव त्यांनी लिहून ठेवला. वाटेवरचा जिव्हाळा त्यांनी मनापासून अनुभवला. बोली वेगळ्या, गावे वेगळी, पण अभंग तेच. मात्र त्यांच्या नजरेतून दुसरी गोष्टही सुटली नाही. दिवसभर एका सुरात भजन करणारी एकाच दिंडीतली माणसे जेवावयाच्या वेळी वेगळी होत. ब्राह्मणांची पंगत निराळी, मराठ्यांची निराळी. याची खंत त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविली आहे.

सज्जनहो, दुरखीमच्या विचाराची उणी बाजू नेमकी येथे दिसते. धर्म माणसांना बांधतो खरा; पण कोणाकोणाला बांधतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हेही विचारले पाहिजे. ज्या दोरीने मोळी बांधली जाते, तीच दोरी आडवी धरली तर वाट अडविते.

महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. म्हणजे ज्यांना एका दारातून परत पाठविले, त्यांनाही एकत्र धरणारे पवित्र स्थान लागलेच. दुरखीमचे म्हणणे त्यांनी एका परीने खरे केले. मात्र एक घर दुभंगल्यावर ते खरे ठरले.

यातून घ्यावयाचा बोध अवघड नाही. देवळाच्या भिंती गवंडी बांधतो, पण देऊळ उभे राहते ते त्यात जमणाऱ्या माणसांवर. उत्सवाची वर्गणी घरोघरी फिरून गोळा होते, तेव्हा कोणतेही घर परके नसते. पालखीला खांदा देताना, आरतीचा मान ठरविताना, पंगतीची पाने मांडताना तीच घरे त्याच ओळीत असतात काय? वर्गणीची वही आणि पंगतीची ओळ ताडून पाहावी, म्हणजे गावाचा धर्म किती जणांना धरून आहे, ते कोणाही पंडितावाचून कळेल. दोन्हींचा मेळ बसत असेल, तर ते गाव भाग्याचे. बसत नसेल, तर कळस चढूनही जीर्णोद्धाराचे काम शिल्लक आहे.