शहरात बिऱ्हाड करताना

(वार्षिक संमेलनातील भाषण)

यवतमाळ, पुसद, वणी येथील आपली मुले शिक्षणास्तव वा नोकरीनिमित्त नागपुरास जातात. तेथे बिऱ्हाड कोठे करावे, असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. आमचे सांगणे इतकेच की, घराआधी वस्ती पाहावी. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या सुखवस्तू वस्त्यांतही पाणी शिरले; म्हणून पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, हे तेथील किराणा दुकानदारास अवश्य विचारावे. भाड्यात जाण्यायेण्याचा खर्च मिळवूनच स्वस्त-महाग ठरवावे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

मात्र ज्ञातीच्याच वस्तीचा हट्ट नसावा. आडनाव ऐकून आपल्या मुलांस घर नाकारले गेले, तर आपण दुखावतो. मग आपल्यापैकी ज्यांची नागपुरात घरे आहेत, त्यांनी तरी भाडेकऱ्याचे आडनाव का पाहावे? अडल्यावेळी शेजारीच प्रथम धावून येतो. त्याची ज्ञात तेव्हा कोणी विचारीत नाही.