जळण, पोलाद आणि बीड



मृग नक्षत्र लागावयास आठ-पंधरा दिवस उरले की खानापूर आणि चंदगड तालुक्यांतल्या खेड्यांत दोन कामांची एकच घाई उडते. एक, जळण कोरडे करून छपराखाली घेणे. आणि दुसरे, कोयते, कुऱ्हाडी, विळे, खुरपी लोहाराकडून पाजवून आणणे. मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूस, पाऊस एकदा बसला म्हणजे सूर्यदर्शन ही सांगण्यासारखी बातमी होते. ज्या घराने ही दोन कामे मे महिन्यात उरकली नाहीत, त्या घरातली बाई पुढले चार महिने कोणत्या हालांत काढते, हे त्याच घरातल्या पुरुषाला पुष्कळदा ठाऊक नसते.

आज मला ह्या जळणाविषयी, ह्या हत्यारांविषयी आणि चुलीवरच्या बिडाच्या तव्याविषयी बोलावयाचे आहे. चुलीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. चुलीवरच्या भाकरीची गोडी वर्णन करणारे बहुतेक लोक ती भाकरी सुटीत चार दिवस खातात; ती रोज भाजणारीला विचारावे म्हणजे दुसरी बाजू कळते. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. खेड्यात एखादी वस्तू टिकते ती केवळ मजबूत असते म्हणून नव्हे. ती बिघडली म्हणजे नीट करणारा हात जवळ असतो म्हणून टिकते.

प्रथम जळण पाहू. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणीच असते. हे लाकूड चुलीत घातले म्हणजे अगोदर त्यातले पाणी उकळावे लागते, मग त्याची वाफ करावी लागते, आणि त्यानंतर लाकूड पेट घेते. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना मी हा हिशेब फळ्यावर करून दाखवितो. साधे पाणी उकळीला आणावयास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यात जाते. म्हणजे ओले जळण घालणारी बाई भात शिजवीतच नाही. ती आधी लाकूड शिजवीत असते. आणि जाळ थंड राहिला की लाकडातून निघणारा वायू पुरता न जळता धुराच्या रूपाने बाहेर पडतो. तो जातो कोठे? आधी डोळ्यांत, मग छातीत.

मुलांना हे गणित नवे वाटते; त्यांच्या आयांना वाटत नाही. त्यांना ते फळ्यावाचून येते. दोन फाटी एकमेकींवर आपटली आणि टणक आवाज आला तर लाकूड वाळले. बद्द आवाज आला तर अजून ऊन पाहिजे. टोकाला चिरा पडल्या, साल सुटू लागली, हातात घेताच हलके लागले, ह्या सगळ्या खुणा त्या सहज वाचतात. ओंडका अखंड ठेवला तर तो वर्षभरातही आतून वाळत नाही. फोडून ठेवला तर एक उन्हाळा त्याला पुरतो. म्हणून लाकूड तोडण्यापेक्षा ते वेळेवर फोडणे महत्त्वाचे. पडवीत रचतानाही खाली दोन आडवी लाकडे टाकून रास जमिनीपासून उचललेली असते, भिंतीपासून वीतभर सोडलेली असते. पावसाळ्यात रोजच्या जळणाचा वाटा चुलीवरच्या माळ्यावर चढवितात. आजच्या चुलीच्या उष्णतेवर उद्याचे जळण वाळते.

लाकडांचे स्वभावही निराळे आहेत. बाभूळ आणि खैर सावकाश पेटतात आणि त्यांचा निखारा दीर्घकाळ राहतो. पांगारा किंवा सावर कागदासारखी भुरकन जळून जाते. पेटवणासाठी ठीक, पण डाळ शिजवावयास नाही. वाळका कळक पेरात फुटतो आणि ठिणग्या उडवितो, म्हणून लहान मूल चुलीजवळ असता तो कोणी घालीत नाही. काजूच्या टरफलांना जाळ मोठा, परंतु त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना असा झोंबतो की शहाणी बाई ती घरात जाळीत नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत नाताळापूर्वी दोदोल करतात. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ ही मोठ्या काहिलीत कित्येक तास ढवळावी लागतात, आणि जाळ एकदा जरी भडकला तरी सगळा माल खाली लागतो. ढवळणाऱ्याचे कौतुक सगळे करतात. चुलीपाशी बसून फाटी आत-बाहेर सरकविणाऱ्या आजीकडे कोणाचे लक्ष नसते. खरे दोदोल तीच करीत असते.

हे जळण येते कोठून, हाही प्रश्न आहे. खानापूर तालुक्यातले पुष्कळसे जंगल राखीव आहे. २०११ साली भीमगड अभयारण्यही घोषित झाले. ते राखलेच पाहिजे. पण त्यामुळे बांधावरची वाळकी फांदी, काजूची छाटणी, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या ह्यांवरच गरीब घराची भिस्त आहे. डोक्यावरची मोळी बहुधा आई आणि मुलगी आणतात. ज्या दिवशी मुलगी मोळीला जाते, त्या दिवशी हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय पडते हे मला सांगावयास नको.

आता हत्यारांकडे वळू. जळण फोडावयास कुऱ्हाड लागते आणि कुऱ्हाडीला दांडा लागतो. दांड्यासाठी धामणीचे लाकूड उत्तम. ते चिवट असते, घाव बसला म्हणजे लवते, तुटत नाही. दांडा सैल झाला तर पाचर मारावी. घाईत पुष्कळजण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि पाते घट्ट बसते. परंतु ही उसनवारी आहे. लाकूड वाळले की पाते पहिल्यापेक्षा सैल होते, आणि सैल पाते उडून कोणाच्या पायावर बसेल ह्याचा नेम नसतो.

लोहाराची शाळ अंधारी का असते, ह्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नाही. गरिबीमुळे तिला खिडक्या नाहीत असे पाहुण्यास वाटते. वास्तविक लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ठरवितो, आणि लाल कोणता, नारिंगी कोणता हा भेद उजेडात कळत नाही. कोयत्याचे पाते ठोकून झाले की तो ते लाल करून पाण्यात बुडवितो. त्याने पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. त्या वेळी घासून उजळलेल्या पात्यावर आधी गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. धार फार कठीण हवी असेल तर पिवळ्यावर थांबावे. लवचीक हवी असेल तर पुढे जाऊ द्यावे. दोनशेवीस अंशांपासून तीनशे अंशांपर्यंतचा हा सगळा खेळ लोहार तापमापकावाचून, केवळ डोळ्याने खेळतो. हल्ली कोयत्यासाठी नवे पोलाद क्वचितच येते. मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे भंगारातून आणून त्यांचे कोयते करतात, आणि ते फार चांगले होतात.

पूर्वी लोहाराला बलुते मिळे. सुगीला धान्य द्यावयाचे आणि वर्षभर पाजवून घ्यावयाचे. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, आणि ती गेली ह्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक सोय होती, ती ही की दुरुस्तीसाठी हात आखडावा लागत नसे. आज प्रत्येक धारेला रोख पैसे पडतात, म्हणून लोक बोथट कोयत्याने दिवस ढकलतात आणि मनगट दुखवून घेतात.

परंतु सर्वच लोखंड ऐरणीवर जात नाही, आणि येथे बिडाची गोष्ट येते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा दोन ते चार असते; कोयत्याच्या पोलादात ते शेकडा एकाच्या आतच असते. एवढ्याशा फरकाने धातूचा स्वभावच पालटतो. कर्ब अधिक असल्याने बीड कमी उष्णतेत वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येते; पण त्यावर हातोडा मारला तर ते पसरत नाही, फुटते. म्हणून गावचा लोहार बिडाला हात लावीत नाही. ते काम ओतशाळेचे, आणि ओतशाळांच्या बाबतीत बेळगावाचे नाव जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस नेला. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष बाधते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर व्हावयास वेळ लागला. आजही बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळांचे काम चालते, आणि आपल्या कितीतरी गावांतली तरुण मुले तेथे भट्टीपाशी उभी असतात.

बिडाचा तवा दुरुस्त होत नाही, म्हणून त्याची सगळी दुरुस्ती आधीच, रोजच्या रोज, करावी लागते. नवा तवा खरखरीत असतो. तो धुऊन, वाळवून, तेल चोळून तापवावा, थंड होऊ द्यावा, पुन्हा तेल लावावे. असे काही दिवस केले म्हणजे तेलाचा काळा, गुळगुळीत थर त्यावर बसतो. तो मळ नव्हे. उष्णतेने तेलाचेच ते कठीण कवच झालेले असते, आणि त्यामुळेच घावन किंवा आंबोळी तव्याला चिकटत नाही. तेल लावावयास कोणी अर्धा कांदा वापरतात, कोणी नारळाची शेंडी. नव्या सुनेने कौतुकाने तवा राखेने घासून चकचकीत केला आणि सासूने कपाळाला हात लावला, असे प्रसंग घरोघर घडतात. सासूचा राग योग्य असतो, परंतु कारण सांगण्याची रीत नसते. ते तिलाही कोणी सांगितलेले नसते. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये, कारण एक भाग एकदम आकसतो आणि तवा तडकतो. रात्रभर ओला ठेवू नये, गंजतो. चिंच-कोकमाचे आंबट कालवण लोखंडी कढईत फार वेळ राहिले तर काळे पडते. ते लोखंड अन्नात उतरलेले असते. त्याने अपाय होत नाही, उलट अंगात लोह कमी असणाऱ्या बायकांना त्याचा थोडा लाभच आहे. चव मात्र बिघडते. आणि तवा एकदा तडकला म्हणजे विषय संपला. तो भंगारवाल्याच्या तराजूत पडतो, पुन्हा भट्टीत वितळतो, आणि कदाचित दुसऱ्या कोणाच्या घरी तवा होऊन जातो.

ह्या सगळ्यात चुलीच्या धुराचे काय? त्याचा विचार आपल्याकडे आज सुरू झालेला नाही. महात्माजींनी १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापिला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा ह्या ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाने वाहिली. त्या संघाच्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या एस. पी. राजू ह्या इंजिनिअरांनी १९५० नंतरच्या दशकात धुराडे असलेली बिनधुराची चूल मांडली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र ओले’ नावाची तीन भांड्यांची चूल झाली. ‘ओले’ म्हणजे कानडीत चूल. केंद्र सरकारने १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींची देशव्यापी योजना चालविली आणि २००२ साली ती आटोपती घेतली. ह्या चुली शास्त्राला धरून होत्या. तरी पुष्कळशा घरांत त्या थोड्याच काळात मोडल्या. धुराड्यात काजळी साचली, मातीला चिरा गेल्या, आणि ते नीट करणारे गावात कोणी नव्हते. चूल घालून देणारा माणूस एकदा आला आणि गेला. ज्या बाईने जन्मभर आपली चूल सारवली, लिंपली, हवा तसा वैल काढला, तिला ही नवी चूल कशी उकलावी आणि कशी जोडावी हे कोणी शिकविले नाही. जेथे शिकविले, तेथे ती टिकली.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही गॅस आला. हे फार मोठे काम झाले, ह्याविषयी शंका नको. माझ्या पाहण्यातल्या घरांत आता चहा, दूध आणि सकाळची घाईची भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवर. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की सगळेच चुलीवर. त्यामुळे धुराचा प्रश्न निम्मा सुटला असे म्हणावे. राहिलेला निम्मा सोडवावयाचा तर मेमध्ये फोडलेले कोरडे लाकूड, धूर बाहेर नेणारे आणि महिन्यातून एकदा झाडलेले धुराडे, आणि ते झाडण्याचे काम कोणाचे हे घरात ठरलेले असणे, एवढे पुरे आहे. ते काम पुरुषांनी घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. कौलांवर चढण्याची हौस त्यांनाच असते.

शेवटचे एक सांगतो. आमच्या बाजूच्या एका गावात लोहाराचा मुलगा उद्यमबागेत ओतशाळेत नोकरीला आहे. बाप पोलाद ठोकतो, मुलगा बीड ओततो. रविवारी सुटीला तो घरी येतो आणि मे महिन्यातले चारही रविवार भात्यापाशी बसतो. सकाळी प्रार्थना आटोपून आम्ही चर्चमधून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या दारी कोयत्यांची रांग लागलेली असते. प्रत्येक मुठीला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेली. ज्यांना मृगाआधी धार हवी असेल त्यांनी तेथे सकाळी लवकर जावे, आणि दांडा बदलावयाचा असेल तर धामणीचे वाळलेले लाकूड घरूनच न्यावे. त्याच्याकडे ते शिल्लक नसते.