ताऱ्याचा शेवट आणि आपला श्वास



घरात मूल जन्मले की आजही कोणी ना कोणी विचारतेच, नक्षत्र कोणते? म्हणून आम्ही आज ताऱ्यांचाच विषय मुद्दाम घेतला आहे.

इ. स. १०५४ मध्ये चीनमध्ये एक नवा तारा भर दिवसा २३ दिवस दिसला. दरबारी ज्योतिष्यांनी त्यातून राजासाठी शकुन काढला. वास्तविक तो एका जुन्या ताऱ्याचा स्फोट होता. अशा स्फोटाला अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा म्हणतात.

तारा हा तप्त वायूचा गोळा. त्याचे वजन त्याला आत ओढते, पोटातली उष्णता बाहेर रेटते. दोन्ही जोर सारखे असतात तोवर तारा टिकतो. सूर्याच्या आठ-दहा पट किंवा त्याहून मोठा तारा इंधन भराभर जाळतो. हायड्रोजनपासून हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. हायड्रोजन लाखो वर्षे पुरतो, सिलिकॉन मात्र थोड्याच दिवसांत संपते! शेवटी पोटात लोखंड साचते. त्यापासून पुढे ऊर्जा मिळत नाही. चूल विझली म्हणा ना! हा लोखंडी गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पट झाला, की एका सेकंदाच्याही आत कोसळतो. आतला भाग अतिघट्ट होऊन अडतो आणि धक्का उलटा बाहेर येतो. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण तर ताऱ्यातून सरळ निसटतात. धक्का पृष्ठभागावर पोचायला मात्र काही तास लागतात. त्यानंतरच तारा फुटलेला दिसतो.

हे खरे कशावरून? शास्त्रज्ञांनी हे आधी कागदावर मांडले होते. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी जपान, अमेरिका आणि तेव्हाच्या सोव्हिएत रशियात जमिनीखालच्या यंत्रांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले. त्यानंतर काही तासांनी स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोचला. तारा होता सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर. या कामाबद्दल जपानच्या मासातोशी कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतेक अशाच मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि स्फोटातून अवकाशात पसरला. ताऱ्यांशी आपले नाते आहे ते असे. हे नाते श्रीमंत-गरीब, उच्च-नीच पाहत नाही, की जन्माची वेळही विचारत नाही. तेव्हा पुढच्या वेळी बाळाचे नक्षत्र कोणी विचारले, तर त्यांना ही हकिकत जरूर सांगा. आणि मुलांनी 'कशावरून?' असे विचारले, तर त्यांना गप्प करू नका, एवढीच आमची विनंती.